मिलानला कामासाठी मुक्काम : परवडणारं हॉटेल असं घ्या, असं वापरा

पुणे, कोल्हापूर, इचलकरंजी, नाशिक इथून कामासाठी इटलीला जाणाऱ्यांपैकी अनेकांचा पहिला मुक्काम मिलानला पडतो. कुणी दुचाकींच्या सुट्या भागांचा धंदा करतो, म्हणून नोव्हेंबरातल्या ‘एइक्मा’ प्रदर्शनाला जातो. कुणाला माग बघायचे असतात. वस्त्रोद्योगाच्या यंत्रांचं ‘इटमा’ प्रदर्शन २०२३ साली मिलानलाच भरलं होतं. कुणी नुसतंच एखाद्या कारखान्यात जाऊन यंत्र चालताना बघतो आणि भाव पाडून परत येतो. मोठ्या कंपनीच्या साहेबांचं सगळं प्रवास विभाग बघतो. पंचवीस कामगारांचं वर्कशॉप चालवणाऱ्याला मात्र तिकीट, हॉटेल, हिशेब सगळं स्वतःच बघावं लागतं. ही कृती त्याच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. अशा प्रवासात स्वस्त हॉटेल म्हणजे कमी दराचं हॉटेल नव्हे. सकाळी वेळेवर कामाला पोहोचवणारं आणि परतल्यावर सीए हरकत घेणार नाही असं बिल देणारं हॉटेल, ते स्वस्त. मालपेन्सा विमानतळापासून शहरापर्यंतच्या टॅक्सीचा ठरलेला दरच शंभर युरोंच्या वर आहे. खोलीमागे पंधरा युरो वाचवून आडबाजूला उतरलेला माणूस एका टॅक्सीत चार-पाच रात्रींची बचत घालवतो.

आधी जुळवून ठेवायच्या गोष्टी

- पासपोर्ट, शेंगेन व्हिसा, किमान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा
- इटालियन कंपनीचं किंवा प्रदर्शनाचं निमंत्रणपत्र आणि हॉटेलच्या आरक्षणाची प्रत, दोन्ही छापील
- एक क्रेडिट कार्ड, एक फॉरेक्स कार्ड आणि शंभर-दीडशे युरो रोख, तेही दहा-वीसच्या नोटांत
- कंपनीचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक ठळक अक्षरात छापलेला एक कागद
- दोन गोल पिनांचा चार्जर, पाण्याची बाटली, चालायला सोपे बूट

१. तारखा ठरवण्याआधी शहराचं वेळापत्रक बघा

मिलानच्या हॉटेलांचे दर ऋतूपेक्षा प्रदर्शनांवर हलतात. एप्रिलमध्ये फर्निचरचं ‘सालोने देल मोबिले’ भरतं, फेब्रुवारी आणि सप्टेंबरात फॅशन वीक असतो, नोव्हेंबरात एइक्मा. एरवी नव्वद युरोंना मिळणारी खोली त्या आठवड्यात दुपटीतिपटीने महाग होते. तुमचं काम प्रदर्शनात नसून कारखान्यात असेल, तर हे आठवडे सोडून तारीख मागा. समोरच्या माणसालाही तेव्हा उसंत नसते. ऑगस्टचा मध्यही टाळा. १५ ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’च्या आगेमागे इटलीतले कितीतरी कारखाने दोन-तीन आठवडे बंद असतात.

प्रदर्शनालाच जायचं असेल, तर तारखा जाहीर झाल्या त्या दिवशीच खोली धरून ठेवा.

२. रद्द करता येईल असंच आरक्षण करा

शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा लागतो आणि व्हिसा तर अजून हातात आलेला नसतो. त्यामुळे ‘नोन रिंबोर्साबिले’, म्हणजे पैसे परत न मिळणारा स्वस्त दर दिसला तरी तिकडे बघू नका. आठ-दहा युरो जास्त पडले तरी विनाशुल्क रद्द करता येणारा दर घ्या आणि रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आला तर उशीर झाला असं धरतात. मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे. व्हिसा आला की दर पुन्हा एकदा तपासा. कधीकधी तीच खोली उतरलेली असते.

३. खोली नको, मेट्रोची लाइन निवडा

मिलानची मोठी प्रदर्शनं शहरात भरत नाहीत, वायव्येच्या रो गावातल्या ‘फिएरा मिलानो’ संकुलात भरतात. तिथे जाणारी मेट्रो म्हणजे एम-१, लाल लाइन. १९६४ साली सुरू झालेली ही शहराची पहिली मेट्रो. ‘रो फिएरा’ हे तिचं शेवटचं स्थानक.

म्हणून हॉटेल याच लाइनवर शोधा. लोत्तो, आमेन्दोला, बुओनार्रोती, पागानो, कादोर्ना या स्थानकांपासून पायी दहा मिनिटांच्या आत. लोत्तोहून प्रदर्शन वीसेक मिनिटांवर, कादोर्नाहून अर्ध्या तासावर. कादोर्नाची आणखी एक सोय म्हणजे मालपेन्सा विमानतळाची ‘मालपेन्सा एक्सप्रेस’ गाडी तिथेच येऊन थांबते. विमानातून उतरून गाडीत बसलात की एकही बदल न करता लाल लाइनवर पोहोचता.

चेन्त्राले या मुख्य स्थानकाभोवती दोन आणि तीन तारांकित हॉटेलं दाटीवाटीने आहेत आणि दरही बरे असतात. तूरिन, बोलोन्या, वेरोना अशा दुसऱ्या शहरांत काम असेल, तर चेन्त्रालेजवळच राहा. रोज सकाळी गाडी पकडायला सोपं जातं. फक्त तिथून फिएराला जाताना हिरव्या लाइनने कादोर्नाला येऊन लाल लाइन धरावी लागते. स्थानकाच्या आवारात पाकीटमार आहेत, तेव्हा पाकीट आणि पासपोर्ट पुढच्या खिशात.

लाल लाइनवर एक खोच आहे. पागानोनंतर तिला दोन फाटे फुटतात, एक रो फिएराकडे आणि दुसरा बिशेल्येकडे. फलाटावरच्या पाटीवर शेवटच्या स्थानकाचं नाव वाचूनच चढा. मी पहिल्या दिवशी लाल रंग बघून चढलो आणि नमुन्यांची बॅग घेऊन बिशेल्येला उतरलो.

४. जाहिरातीतले चार शब्द नीट वाचा

‘कामेरा सिंगोला’ म्हणजे एकट्याची खोली आणि ती खरोखरच चिमुकली असते. ‘दोप्पिया उझो सिंगोला’ म्हणजे दोघांची खोली एकट्याला. आठ-दहा युरोंचा फरक असेल तर हीच घ्या, बॅग उघडायला जमीन मिळते. ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे नवरा-बायकोचा मोठा पलंग. दोन भागीदार किंवा साहेब आणि फोरमन एका खोलीत राहणार असतील, तर ‘दूए लेत्ती सेपाराती’, म्हणजे दोन वेगळे पलंग, असं लिहूनच मागा. नुसतं ‘डबल’ म्हटलंत, तर रात्री अकरा वाजता एकाच पलंगासमोर दोघं उभे राहाल.

‘कोलात्सिओने इंक्लूसा’ म्हणजे न्याहारी धरून. ‘आशेन्सोरे’ म्हणजे लिफ्ट. जुन्या इमारतीत हॉटेल तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतं आणि खाली फक्त बेलच्या पाटीवर नाव दिसतं. जड यंत्राचे नमुने सोबत असतील, तर लिफ्ट आहे का हे आधी विचारा.

जागा खरी की बोगस हे बघायची सोपी खूण म्हणजे ‘चिन’ क्रमांक. राहण्याच्या जागेला मिळणारा हा राष्ट्रीय ओळख क्रमांक ‘आयटी’ या अक्षरांनी सुरू होतो. १ जानेवारी २०२५ पासून तो जाहिरातीत आणि दारावर लावणं बंधनकारक आहे. जाहिरातीत तो नसेल, तर ती जागा सोडा.

५. दरात न दिसणारा कर धरून हिशेब मांडा

इटलीतल्या बहुतेक मोठ्या शहरांत महापालिकेचा मुक्काम-कर असतो, ‘तास्सा दी सोजोर्नो’. तो दर माणशी, दर रात्री, हॉटेलच्या ताऱ्यांप्रमाणे लागतो आणि आरक्षणाच्या रकमेत बहुधा धरलेला नसतो. उदाहरणार्थ, रोममध्ये तीन तारांकित हॉटेलला माणशी रोज ६ युरो. दोघं चार रात्री राहिले, की ४८ युरो वर. मिलानचा दर वेगळा आहे आणि नगरपालिका तो बदलत असते, म्हणून आरक्षणानंतर हॉटेललाच ईमेल करून आकडा मागून घ्या. तोच ईमेल पुढे हिशेबाला जोडता येतो.

खोलीच्या दरात १० टक्के व्हॅट असतो. भारतीय कंपनीला तो इटलीकडून परत मिळत नाही, त्यामुळे तो खर्चातच धरा.

६. पोहोचण्याची वेळ आधी कळवा

खोली सहसा दुपारी दोनला मिळते. लहान हॉटेलांत स्वागतकक्ष मध्यरात्री बंद होतो. आखातातून येणारं विमान उशिरा उतरणार असेल, तर दोन दिवस आधी ईमेल करून वेळ कळवा आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका. सकाळी लवकर पोहोचलात, तर बॅग ठेवून कामाला जा. सामान ठेवायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

विमानतळावरही वेळ हाताशी ठेवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यात बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. उतरल्यापासून दोन तासांत बैठक ठेवू नका.

आणि हो, खाऊची पिशवी तपासा. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवासी सामानात नेता येत नाहीत. म्हणजे पेढे आणि तुपाची बरणी घरीच. यजमानांना द्यायला शेंगदाण्याची चिक्की न्या.

७. चेक-इनच्या वेळीच बिलाची बोलणी करा

सगळ्या कृतीत हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच लोक शेवटच्या दिवसावर ढकलतात.

पासपोर्ट मागितला की द्या. पाहुण्यांची माहिती चोवीस तासांत पोलिसांच्या संगणकावर भरणं हॉटेलला कायद्याने भाग आहे. नोंद झाली की पासपोर्ट परत मागून घ्या. अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडवून ठेवतात, त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या. फॉरेक्स कार्डावर अडकलेले पैसे सुटायला दिवस लागतात.

आता कंपनीचा छापील कागद पुढे करा आणि म्हणा, “फात्तूरा, पेर फावोरे.” इटलीत हॉटेलचा कागद दोन प्रकारचा. साधी पावती म्हणजे ‘रिचेवूता’, तिच्यावर कंपनीचं नाव नसतं. ‘फात्तूरा’ म्हणजे कंपनीच्या नावाचं रीतसर बिल. इटलीत १ जानेवारी २०१९ पासून धंद्यातली बिलं सरकारी प्रणालीतून इलेक्ट्रॉनिक निघतात. एकदा साधी पावती फाडली की तिचं बिल करून द्यायला हॉटेल कुरकुरतं. माझ्या पहिल्या मुक्कामाची चार रात्रींची पावती माझ्या खासगी नावाने निघाली. परतल्यावर सीएने ती दोन बोटांनी उचलून माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, “हे फिरायला गेला होतात का?”

काउंटरवरची मुलगी हमखास दोन ठिकाणी अडते. तिच्या पडद्यावर ‘कोदिचे देस्तिनातारियो’ नावाचा सात अक्षरांचा रकाना असतो, तो इटालियन कंपन्यांसाठी. परदेशी ग्राहकासाठी त्यात ‘एक्स’ हे अक्षर सात वेळा भरायचं. दुसरा अडथळा पिनकोडचा. इटलीचा पिनकोड पाच आकडी आणि आपला सहा, भोसरीचा ४११०२६ तिथे बसतच नाही. त्या जागी पाच शून्यं टाकायची आणि आपला पिन पत्त्याच्या ओळीत लिहायचा. या दोन गोष्टी तुम्ही कागदावर लिहूनच नेल्यात, तर पाच मिनिटांचं काम. नाहीतर शेवटच्या सकाळी बाहेर गाडी आणि आत वाद.

८. खोलीत शिरल्यावर दहा मिनिटं द्या

बॅग उघडण्याआधी खोली तपासा. काही बिघडलं असेल, तर खोली बदलून मागायची हीच वेळ.

नळावर ‘सी’ लिहिलेलं दिसलं की आपला हात थंड पाणी समजून तिकडे जातो. इटालियनमध्ये ‘काल्दो’ म्हणजे गरम. ‘सी’चं पाणी गरम, ‘एफ’चं म्हणजे ‘फ्रेद्दो’चं थंड. शॉवरशेजारी भिंतीतून एक दोरी लोंबत असते, तिच्यावर बनियन वाळत घालू नका. ती मदतीची घंटा आहे, ओढली की खाली वाजते आणि माणूस धावत येतो. कमोडशेजारचं दुसरं बुटकं भांडं म्हणजे बिडे. युरोपात पाण्यावाचून अडणाऱ्या आपल्या माणसाला इटली इथे आपलीशी वाटते. १९७५ च्या एका सरकारी आदेशाने घरातल्या किमान एका न्हाणीघरात बिडे सक्तीचा केला आणि हॉटेलांतही तो बहुधा असतोच.

भिंतीतल्या सॉकेटला एका ओळीत तीन भोकं असतात. आपल्या मोबाइलचा दोन बारीक गोल पिनांचा चार्जर त्यात बसतो. लॅपटॉपची जाड तीन पिनांची वायर बसत नाही, तिला अडॅप्टर हवा. विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट. किटली खोलीत असेलच असं नाही. चहाशिवाय डोळे न उघडणाऱ्यांनी टी-बॅग न्याव्यात आणि खाली ‘आक्वा काल्दा’ मागावं.

इकडे आपल्या कारखान्याला फोन करायचा असेल, तर तो सकाळी करा. भारताची वेळ हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते. मिलानला हिवाळ्यात सकाळचे साडेआठ म्हणजे भोसरीत दुपारचा एक.

९. न्याहारी, जेवण, पाणी

हॉटेलची न्याहारी दहा-बारा युरोंची असेल, तर सोडा आणि कोपऱ्यावरच्या बारमध्ये जा. इटलीत ‘बार’ म्हणजे कॉफीचं दुकान. काउंटरशी उभं राहून प्यायचं. टेबलावर बसलात की त्याच कॉफीचा दर वाढू शकतो. ‘उन काफ्फे’ म्हटलं की चमचाभर एस्प्रेसो येतो, दूध हवं तर ‘काप्पुच्चिनो’ मागा. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर ठेवायची असते. गर्दीच्या वेळी हे माहीत नसलं, तर बराच वेळ कुणी विचारत नाही.

दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद असतं. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात. ती फसवणूक नाही, टेबलाचं शुल्क आहे. वर टिप द्यायची गरज नाही.

शाकाहारी माणसाने जपून. मिलानचा केशरी रिसोत्तो भाताचा असला तरी बहुधा मांसाच्या रश्श्यात शिजवतात. पार्मेजान चीजमध्ये प्राणिज रेनेट असतं. कडक पाळणाऱ्याला टोमॅटो, लसूण आणि ओरेगानोचा ‘मारिनारा’ पिझ्झा चालतो, त्यावर चीज नसतं. इतरांना मार्गेरिता आणि ‘पास्ता आल पोमोदोरो’ कुठेही मिळतो. “सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे” म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करून ठेवा.

पाणी विकत घेऊ नका. मिलानच्या रस्त्यांवर हिरव्या रंगाचे लोखंडी नळखांब आहेत. पितळी ड्रॅगनच्या तोंडातून पाणी वाहत असतं आणि ते पिण्याचं असतं. बाटली तिथे भरा.

१०. तिकीट आणि संप

मेट्रोच्या गेटला कार्ड टेकवून आत जाता येतं. बाहेर पडतानाही तेच कार्ड टेकवा, कारण भाडं पट्ट्यांवर, म्हणजे झोनवर ठरतं. कागदी तिकीट हवं असेल, तर ‘टी’ अक्षराची पाटी लावलेल्या तंबाखूच्या दुकानातही मिळतं. रो फिएरा शहराच्या पट्ट्याबाहेर आहे, तिथलं तिकीट वेगळं मागा. साध्या तिकिटावर गेलात, तर दंड.

इटलीत संप आधी जाहीर होतो आणि तो बऱ्याचदा शुक्रवारी पडतो. ‘शोपेरो’ हा शब्द ओळखायला शिका. संपाच्या दिवशीही मिलानची मेट्रो आणि बस सकाळी सुरू झाल्यापासून ८.४५ पर्यंत आणि दुपारी ३ ते ६ चालवण्याची हमी असते. म्हणजे साडेसातला निघायचं आणि सहाच्या आत परतायचं. मुक्कामाचे दिवस कळले की त्या आठवड्यात संप आहे का, हे हॉटेलात विचारून घ्या.

पैसे देताना मशीन विचारतं, युरो की रुपये? नेहमी युरो निवडा. रुपयांत दाबलंत, की दर दुकानाच्या बँकेचा लागतो आणि तो महाग पडतो.

११. निघण्याच्या आदल्या रात्री हिशेब मिटवा

खोली सकाळी दहा-अकराला सोडावी लागते आणि त्या वेळी काउंटरवर रांग असते. म्हणून आदल्या रात्री नऊच्या सुमारास खाली जा आणि बिलाचा मसुदा मागा. कंपनीच्या नावाचं स्पेलिंग, जीएसटी क्रमांक, रात्रींची संख्या, मुक्काम-कराची वेगळी ओळ, न घेतलेली न्याहारी लावली आहे का, हे उभ्या उभ्या तपासा. आरक्षण संकेतस्थळावरून आधीच पैसे भरून केलं असेल, तर बिल हॉटेल देणार की संकेतस्थळ, हेही विचारून ठेवा. पैसे भरल्यावर बिलाची पीडीएफ प्रत ईमेलवर आलेली डोळ्यांनी बघा आणि मगच झोपा.

विमान रात्रीचं असेल, तर सकाळी बॅग स्वागतकक्षात ठेवा आणि उरलेली बैठक उरका.

निघताना पाकिटात चार कागद असले पाहिजेत : कंपनीच्या नावाची फात्तूरा, मुक्काम-कराची पावती, कार्डाची स्लिप आणि निमंत्रणपत्र. चारही असतील तर मुक्काम स्वस्तात झाला. एखादा नसेल, तर गाडी सुटायच्या आत काउंटरवर परत जा. पुण्याहून तो मागवायला महिना जातो.